जसंच्या तसं

‘तिनं पातेलं आदळलं’ हे वाक्य त्याने खोडलं आणि त्या जागी ‘तिने आपला संताप स्वयंपाकघरातील भांड्यांवर व्यक्त केला’ असं टाइप केलं. मग खुर्चीत मागे टेकून ते पुन्हा एकदा वाचलं आणि समाधानाने मान हलवली. वाक्याला आता कसं वजन आलं होतं.

“झालं का हो?” बायकोने आतून विचारलं.

“शेवटचं पान राहिलंय. तू पाकीट काढून ठेव.”

कोर्टाच्या आवारात अर्ज टाइप करण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. माणसं घाबरीघुबरी होऊन त्याच्या टेबलापाशी यायची. एखादी बाई सांगायची, ‘काका, दिराने घराबाहेर काढलं हो मला.’ काका टाइप करायचे, ‘सदर प्रतिवादीने अर्जदारास राहत्या घरातून बेकायदेशीररीत्या बाहेर काढले असून’ आणि मोठ्याने वाचून दाखवायचे. ऐकता ऐकता बाईची मान ताठ व्हायची. डोळे पुसून ती म्हणायची, ‘अगदी हेच म्हणायचं होतं मला, काका.’ या एका वाक्याने त्याचं डोकं कायमचं फिरवून ठेवलं होतं. जगात प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं असतं, पण ते नीट म्हणायला मध्ये एक टायपिस्ट लागतोच, असा त्याचा ठाम समज होता. निवृत्त झाला, टेबल विकून टाकलं, तरी समज तसाच राहिला. जित्याची खोड, दुसरं काय.

बायको दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या टेबलावर बसायची. नावं लिहून घ्यायची, एकेकाला आत सोडायची, रडवेल्या चेहऱ्यांना पाणी द्यायची. दोन पेशंटच्या मधल्या वेळात, औषध कंपन्यांनी फुकट वाटलेल्या पॅडवर, ती पेन्सिलीने गोष्टी लिहायची. तिचं अक्षर जगात दोघांनाच लागायचं, एक तिला आणि दुसरं तिच्या नवऱ्याला. लिहून झालं की पानं त्याच्यापुढे आणून टाकायची आणि पुन्हा त्यांच्याकडे ढुंकून बघायची नाही. “जेवण झाल्यावर खरकट्या ताटाकडे कोण बघत बसतं?” असं तिचं म्हणणं. तो टाइप करायचा, छापायचा. ती पाकिटात घालायची, चिकटवायची आणि दवाखान्यात जाताना पोस्टात टाकायची.

आणि कथा परत यायची. ‘साभार परत’ असं छापलेली चिठ्ठी लावून, गेली तशी घडीही न मोडता.

“आली बाई माहेरपणाला,” ती म्हणायची. पाकीट कपाटावर भिरकावून चहा टाकायची, आणि चहा उकळेपर्यंत पुढच्या गोष्टीचं सांगायला लागायची. इतकी वर्षं हे चाललं होतं, पण तिचा हुरूप तिळभर कमी झाला नव्हता. नातेवाइकांत कोणी खोचकपणे विचारलंच, की काय मग, छापून आलं का काही, तर ती हसून सांगायची, “अजून नाही. पण मी चिवट आहे. लोकांचे दात बघून शिकलेय, हलला तरी सहजी निघत नाही.” त्याला बायकोचं फार कौतुक वाटायचं, आणि संपादकांचा तितकाच राग यायचा. इतकी चांगली भाषा, आणि या लोकांना कळू नये!

त्या खेपेला पाकीट घेऊन तोच गेला. मासिकाच्या कार्यालयाला लागूनच चष्म्याचं दुकान होतं आणि त्याच्या चष्म्याची दांडी मोडली होती. एका फेरीत दोन कामं.

कार्यालय म्हणजे एक लांबट खोली होती. भिंतीला लावून जुने अंक रचलेले, आणि त्या ढिगांच्या मधोमध टेबल टाकून बसलेली एक उपसंपादक बाई. तिने पाकिटावरचं नाव वाचलं आणि तिचा चेहरा उजळला.

“अरे वा, दातांच्या बाई! यांची आधीची कथा आजच परत पाठवणार होते. तुम्हीच नेता का? तुम्ही त्यांचे कोण?”

“मी,” तो म्हणाला, आणि का कोण जाणे, पुढे म्हणाला, “मी टायपिंग करतो त्यांचं.”

“मग तुमच्याशी मोकळेपणाने बोलता येईल. बसा.” तिने ढिगातून कथा शोधून काढली. “या बाईंचं मला फार वाईट वाटतं. माणसं काय टिपतात! पण ती माणसं बोलायला लागली की सगळं संपतं. हे ऐका. दाढ ठणकतेय म्हणून गाल धरून बसलेली भाजीवाली काय म्हणते? ‘सदर वेदना मला असह्य झाली असून आपण त्वरित उपाययोजना करावी.’ आता तुम्हीच सांगा, दाढ ठणकणारं माणूस असं बोलेल?”

ती मनापासून हसली. त्यानेही हसल्यासारखं केलं. ते वाक्य करायला त्याला चांगला अर्धा तास लागला होता.

“आणि त्याच पानावर हे बघा. डॉक्टर लहान मुलीला सांगतो, ‘रडायचं तर रड, पण तोंड उघडं ठेव.’ या एका ओळीसाठी मी ही कथा दोनदा वाचली. एकाच घरात दोन माणसं राहावीत आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याला बोलूच देऊ नये, तसं काहीतरी होतं यांच्या कथेत. कोण आहे ते दुसरं माणूस, कळत नाही.”

त्याला ती ओळ चांगलीच आठवत होती. ती घाईघाईत टाइप केली आणि नीट करायला घेणार, इतक्यात वीज गेली होती. वीज आल्यावर तो पुढच्या पानावरून सुरू झाला होता. म्हणजे इतक्या वर्षांत बायकोची एक ओळ सही-सलामत पोचली, आणि तीही वीज मंडळाच्या कृपेने.

“त्यांना यातलं काही सांगू नका हं,” उपसंपादक बाई म्हणाली. “उगाच खचतील.”

नवं पाकीट अजून टेबलावरच होतं. त्याने हात पुढे करून ते उचललं.

“यात एक पान घालायचं राहिलंय,” तो म्हणाला. “पुन्हा आणून देतो.”

चष्म्याच्या दुकानावरून तो तसाच पुढे निघून गेला. घरी आला तेव्हा बायको दवाखान्यात होती. त्याने कॉम्प्युटर लावला, तिची पेन्सिलीची पानं समोर ठेवली आणि गोष्ट पहिल्या अक्षरापासून पुन्हा टाइप करायला घेतली. या वेळी जशी आहे तशी, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. पण बोटं कुठे ऐकतात? तिने लिहिलं होतं, ‘म्हातारा गेला.’ बोटं आपसूक ‘वृद्ध गृहस्थांचे देहावसान’कडे धावली. त्याने ती मुठीत आवळून धरली, सोडली, आणि एकेक अक्षर शोधत, नवशिक्यासारखं टाइप केलं. म्हातारा गेला.

गंमत अशी की त्या दिवशी त्याने बायकोची गोष्ट पहिल्यांदा वाचली. आजवर तो वाचत नव्हता, दुरुस्त करत होता. गोष्ट साधी होती. एक म्हातारी दवाखान्यात येते आणि नवऱ्याची तयार झालेली कवळी मागते. टेबलावरची बाई म्हणते, आजोबांना घेऊन या, बसते का ते बघावं लागेल. म्हातारी म्हणते, ‘ते गेले परवा. तुम्ही द्या. माप त्यांचंच आहे ना?’

इथे तो थांबला. या जागी त्याने आधी काय घातलं होतं ते त्याला आठवलं. ‘सदर वस्तूवर माझा कायदेशीर वारसाहक्क आहे.’ त्याला स्वतःची लाज वाटली, कान गरम होईपर्यंत लाज वाटली. या एका म्हातारीचं सोडा, आधीच्या किती भाजीवाल्या, किती रखवालदार, किती पोरंबाळं! बायकोने जिवंत धाडलेली सगळी माणसं त्याने वाटेत गाठली होती आणि प्रत्येकाच्या तोंडात अर्जदार कोंबला होता. वर संपादकांना शिव्याही घातल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत गोष्ट झाली. दुसऱ्या दिवशी चष्म्याचं निमित्त काढून तो ती देऊन आला, आणि घरी मूग गिळून बसला.

पण खाई त्याला खवखवे. बायको समोर आली की त्याला वाटायचं, आता सांगावं. ती चहा पुढे करायची आणि तो साखरेचंच काहीतरी बोलायचा. एरवी रात्रीची भांडी तो कधी घासायचा नाही. आता न सांगता घासायला लागला. तिने दोनदा विचारलं, “तब्येत बरी आहे ना?” शेवटी एका रविवारी, ती वाळलेले कपडे घड्या घालत बसली असताना, त्याने सगळं सांगून टाकलं. उपसंपादक बाई, भाजीवाली, वीज, आणि जसंच्या तसं टाइप केलेली कवळीची गोष्ट. सांगताना त्याचा आवाज कापरा झाला होता. पण खरं सांगायचं तर, शेवटाकडे येताना त्यात थोडी ऐटही शिरली. प्रायश्चित्त घेतलेल्या माणसाला शाबासकीचीही थोडी भूक असतेच.

ती टॉवेलची घडी घालत होती. घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“म्हणजे सगळं मी लिहिलं तसंच गेलंय?”

“काना-मात्रेसकट.”

“पातेलं आदळलं, ते पण?”

“ते पण.”

तिने टॉवेल मांडीवर ठेवला. म्हणाली, “परत मागता येईल का हो ती?”

त्याला काही समजेना. “अगं, आता तर खरी तुझी गोष्ट गेलीय.”

“म्हणूनच म्हणतेय.”

मग तीच बोलायला लागली, टॉवेलच्या काठाकडे बघत.

“मला माहीत होतं. अगदी पहिल्या गोष्टीच्या वेळी दवाखान्यात पाकीट उघडून बघितलं होतं मी. एवढा राग आला होता! दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला वाटलं, माझी पाठ दुखतेय. शेक द्यायला पिशवी घेऊन आलात.”

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“बोलणारच होते. पण तेवढ्यात ती परत आली. आणि मला ना, बरं वाटलं हो. म्हटलं, माझी कुठे आलीय परत, ह्यांची आलीय. माझी चांगलीच आहे, ती बिचारी त्या पॅडवर आहे. मग दुसरी आली, तेव्हाही तसंच. लोक म्हणतात, चिवट बाई आहे. कसली चिवट! एकदाही मला लागलंच नाही काही. सगळा मार तुम्ही खात होतात, आणि तुम्हाला ते ठाऊकही नव्हतं.” तिने टॉवेल बाजूला ठेवला. “आता नाही म्हणाले, तर मलाच म्हणतील.”

गुन्हा कबूल करून शिक्षा ऐकायला उभं राहावं, आणि न्यायाधीशाने भलत्याच गुन्ह्याची शिक्षा सुनावावी, तशी त्याची गत झाली. आधी त्याने तिची वाक्यं घेतली होती. आता, चांगुलपणाच्या भरात, तिच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेतलं होतं.

त्यानंतर तिने पेन्सिल हातात धरली नाही. सकाळी दवाखान्यात जायची, संध्याकाळी यायची, पिशवीतून डबा काढायची, छत्री काढायची. पॅड निघायचं, पण कोरं. घराचं दार वाजलं की दचकायची. तो रोज मनात म्हणायचा, छापा, बाबांनो, एवढी एक छापा. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी विनंतीअर्ज लिहिले. आता स्वतःचा करायची वेळ आली, तर तो कुठे द्यायचा ते कळत नव्हतं.

कथा परत आली तेव्हा दोघंही घरात होती. पाकीट तिने स्वतः उघडलं. आत नेहमीची छापील चिठ्ठी, हाताने लिहिलेलं एक अक्षर नाही. त्या बाईने वाचली, की दुसऱ्याच कोणी, कळायला मार्ग नव्हता. माहेरपणाचं ती काही बोलली नाही. कागद टेबलावर ठेवून कडा जुळवत बसली.

“बरोबर आहे त्यांचं,” ती म्हणाली.

एवढे तीन शब्द. ती रडली असती, संपादकांच्या नावाने बोटं मोडली असती, त्याला चार शब्द सुनावले असते, तर त्याने आनंदाने ऐकून घेतलं असतं. पण ती नुसती कडा जुळवत होती, दुकान बंद करायच्या वेळी माणूस सामान आवरतं तशी.

“अगं,” तो म्हणाला, “खरं सांगू का? त्यातही मी हात फिरवला होता थोडा.”

तिचे हात थांबले. “तुम्ही म्हणालात, जसंच्या तसं.”

“म्हणालो खरा. पण सवय वाईट. राहवलं नाही.”

तिने मान वर केली. कित्येक दिवसांत दिसली नव्हती ती धुगधुगी तिच्या चेहऱ्यावर आली. त्याला हायसं वाटलं. खोटं बोलल्याचं वाईटही वाटलं, पण हायसं जास्त वाटलं.

“कुठे फिरवलात?”

“असंच, इथे तिथे.”

“वाचा,” ती म्हणाली आणि कागद त्याच्याकडे सरकवले. “कुठे ते मला कळू दे.”

आता आली का पंचाईत! तो वाचायला लागला. आपल्या अंगावर घेता येईल असं एखादं वाईट वाक्य सापडतं का, ते डोळ्यांनी पुढे पुढे शोधत वाचत होता. पण म्हातारी आली, पातेलं आदळलं गेलं, म्हातारा गेला, आणि त्याच्या अंगावर घेण्याजोगं काही सापडेना. ‘माप त्यांचंच आहे ना’पाशी ती हलकेच हसली. आपलीच गोष्ट दुसऱ्या कोणाची असावी तशी ती ऐकत होती, हनुवटी तळहातावर टेकून.

शेवटून दुसऱ्या परिच्छेदात त्याने वाचलं, “त्या कवळीत तिला अवघ्या संसाराचं हसू गोठलेलं दिसलं.”

“हे!” ती एकदम म्हणाली. “हे तुमचं. सापडलात की नाही!”

हवं होतं ते वाक्य तिने स्वतःच उचलून त्याच्या ओंजळीत ठेवलं होतं. नुसतं ‘हो’ म्हणायचा अवकाश. ती उठली असती, चहा टाकला असता, आणि दूध वर यायच्या आत नवी गोष्ट सुरू झाली असती. पण ते वाक्य तिचं होतं. आजवर तिची चांगली वाक्यं त्याने घेतली होती. आता वाईटही घेतलं, तर तिच्याकडे राहणार काय?

“नाही,” तो म्हणाला. “हे तुझंच आहे.”

“खरंच?”

“अनुस्वारासकट.”

तिने कागद त्याच्या हातातून ओढून घेतला, डोळ्यांजवळ धरून ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

“शी!” ती म्हणाली. “किती वाईट आहे हो. आणि तुम्ही राहू दिलंत?”

“मला आवडलं होतं ते,” तो खालमानेने म्हणाला. “सगळ्या गोष्टीत तेवढंच.”

ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचंच होतं असं त्याला खात्रीने सांगता आलं नसतं. मग ती थांबली.

“आणि बाकीचं? हात कुठे फिरवला होतात?”

तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला.

“कुठेच नाही,” तो म्हणाला.

खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं; स्कूटर निघून जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग तिने दवाखान्याच्या पिशवीतून पेन्सिल काढली आणि त्या ओळीवर रेघ मारली. एक मारून समाधान झालं नाही म्हणून दुसरी मारली. कागद त्याच्याकडे परत सरकवला.

“आता पहिल्यापासून वाचा. सावकाश. कोर्टात वाचल्यासारखं भराभरा नको.”

त्याने घसा साफ केला, पहिलं पान वर घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य संपायच्या आतच ती म्हणाली, “थांबा.”